नवीन कोब्यावर लादी बसवताना

नवीन घरात राहायला येऊन वर्ष-दीड वर्ष झालेलं असतं. थंडीतल्या एखाद्या पहाटे हॉलमधून फाडकन आवाज येतो. दिवा लावून बघावं तर मधल्या दोन लाद्या कडेला कडा टेकवून इंचभर वर उठलेल्या. कुणाला भूकंप वाटतो, कुणाला खालच्या मजल्यावर काही पडलंसं वाटतं. सकाळी पहिला फोन दुकानदाराला जातो: तुमचा माल हलका निघाला. पण उठलेली लादी हातात घेऊन उलटी करून बघा. बहुतेक वेळा ती अखंड असते आणि तिची पाठ कोरी असते. साच्याचे आडवे-उभे कंगोरे आणि मधलं कंपनीचं नाव जसंच्या तसं वाचता येतं. म्हणजे तिने खालचं सिमेंट धरलंच नव्हतं. आणि अशा सुट्या लादीवर चारही बाजूंनी दाब येत होता.

लादी उठणं, पोकळ वाजणं, कोपऱ्याला तडकणं, सांध्यातून काळपट ओल दिसणं, या तक्रारींची मुळं बहुधा लादीच्या खाली असतात. साइटवर उभं राहून ही कामं करून घेणं हाच माझा रोजचा उद्योग आहे, आणि एक गोष्ट सतत दिसते. लादीचा रंग निवडायला घरातली माणसं चार दुकानं फिरतात, खालच्या कोब्याला, म्हणजे लादीखालच्या वाळू-सिमेंटच्या थराला, मात्र मिस्त्री देईल तेवढाच वेळ मिळतो. म्हणून या लेखात लादीपेक्षा तिच्या खालच्या भागाबद्दल जास्त लिहिलं आहे.

दाब येतो कुठून?

काँक्रीट सुकताना आकसतं. कालवताना आपण जे पाणी घालतो, ते सगळं सिमेंट घट्ट व्हायला लागत नाही. उरलेलं पाणी पुढे महिनोन्‌महिने हळूहळू उडत राहतं आणि तसतसं काँक्रीट जरा जरा लहान होतं. आयएस 456 या भारतीय मानकात हे आकसणं हिशेबासाठी 0.0003 धरलं आहे, म्हणजे मीटरला 0.3 मिमी. पाच मीटर लांबीच्या हॉलला ते दीड मिमी पडतं.

लादीचं तसं नसतं. ती भट्टीत बाराशे अंशांच्या आसपास भाजून निघालेली असते, तिला जे आकसायचं ते तिथेच आकसून झालेलं असतं. म्हणजे खालची जमीन लहान होत जाते आणि वरची लादी आहे तेवढीच राहते. लाद्या एकमेकींना आणि भिंतींना घट्ट चिकटवून बसवल्या असतील तर हा दीड मिमी जाणार कुठे?

दीड मिमी ऐकायला किरकोळ वाटतं, पण हिशेब करून बघा. 600 मिमीच्या दोन लाद्या मिळून 1,200 मिमी जागा घेतात. त्यांना 1,198.5 मिमीतच बसायचं म्हटलं, तर त्यांच्या मधल्या कडेला 30 मिमी वर उठावं लागतं. शाळेतल्या पायथागोरसच्या प्रमेयाने कुणालाही हे काढता येईल. पहाटे हॉलमध्ये दिसलेला तो इंच इथून आलेला असतो.

पहाटच का, याचंही उत्तर आहे. गारठ्याने काँक्रीट लादीपेक्षा जास्त आकसतं. महिनोन्‌महिने साठलेल्या दाबाला तेवढं निमित्त पुरतं. गच्चीवर किंवा पश्चिमेच्या खिडकीखाली नेमकं उलटं होतं. तिथे भर दुपारी ऊन लागून लादी फुगते आणि मग उठते.

यावर करायच्या गोष्टी तीन. खालचा भाग आकसून बऱ्यापैकी शांत झाल्यावरच वर लादी घालायची. लादीची पाठ पूर्णपणे चिकटवायची. आणि लाद्यांमध्ये व भिंतीलगत हलायला जागा ठेवायची. पुढचं सगळं या तीन गोष्टी प्रत्यक्षात कशा करायच्या त्याबद्दल आहे.

तळमजला: आधी भराव

वरच्या मजल्यावर खाली स्लॅब असतो, त्यामुळे निम्मी काळजी मिटलेली असते. तळमजल्यावर सगळी भिस्त भरावावर असते. पाया खणताना निघालेली काळी माती जोत्यात परत ढकलणं हा मराठवाड्यात, विदर्भात आणि सोलापूर-नगरकडच्या पट्ट्यात सर्रास दिसणारा प्रकार. माती तिथेच पडलेली असते, ट्रॅक्टरचे पैसे वाचतात. पण काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर घातलेली जमीन दरवर्षी वर-खाली होते, मग लादी कितीही महागाची असो, ती टिकत नाही. जोत्यात मुरूम भरायचा. तोही एकदम ट्रॉली ओतून नाही, तर सहा ते आठ इंचांच्या थरांत, प्रत्येक थरावर पाणी मारून आणि धुमसाने किंवा यंत्राने चोपून. एका पावसाळ्याचं पाणी मुरू देता आलं तर फारच चांगलं.

मुरुमावर नऊ इंचांचं दगडी सोलिंग, फटीत बारीक खडी आणि मुरूम, आणि त्यावर चार इंचांचं काँक्रीट. या काँक्रीटला पाणी मारण्यात कंजुषी नको. आयएस 456 प्रमाणे साध्या ओपीसी सिमेंटला निदान 7 दिवस आणि राखमिश्रित पीपीसीला 10 दिवस पाणी हवं. कोरड्या कडक उन्हाळ्यात हेच आकडे 10 आणि 14 होतात. आपल्याकडे घरबांधणीत पीपीसीच जास्त वापरतात, तेव्हा दहा-चौदा दिवसच धरून चला.

कोबा

आता मुख्य मुद्द्यावर येतो. आपल्याकडची रूढ पद्धत अशी: स्लॅबवर किंवा काँक्रीटवर वाळू-सिमेंटचा भुरभुरा, जेमतेम ओलसर माल दोन इंच पसरायचा, त्यावर सिमेंटचं पाणी ओतायचं आणि लगेच लादी ठेवून रबरी हातोड्याने ठोकायची. शहाबादी, कोटा किंवा मोझॅकच्या जमान्यात ही पद्धत चालून गेली, त्याला कारण होतं. त्या फरश्या पाणी शोषायच्या. सिमेंटचं पाणी त्यांच्या पाठीत शिरायचं आणि तिथेच घट्ट व्हायचं.

आज बाजारात आहे ती व्हिट्रिफाइड लादी अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाही. साधी सिरॅमिकची जमिनीची लादी तीन ते सहा टक्क्यांच्या आसपास शोषते. गुजरातेतल्या मोरबीहून येणारा 600 बाय 600 चा व्हिट्रिफाइड माल तुम्ही जुन्या पद्धतीने बसवलात, तर सिमेंटचं पाणी त्याच्या पाठीला नुसतं टेकून सुकतं. शिवाय खालचा भुरभुरा माल ते पाणी आधीच पिऊन टाकतो. आणि हातोड्याने लादी ठोकली तरी खालचा माल सगळीकडे सारखा दबत नाही. नंतर तो कुठे कुठे बसतो आणि लादीखाली पोकळी राहते. घरात स्टीलचा डबा पडला, लादीचा कोपरा उडाला, असं झालं की समजावं, त्या कोपऱ्याखाली काही नव्हतं.

म्हणून माझा आग्रह असतो की हे काम दोन टप्प्यांत करा. आधी कोबा घाला, तो पिकू द्या, सुकू द्या. मग त्यावर टाइल ॲडहेसिव्हने, म्हणजे लादी चिकटवायच्या तयार पावडरीच्या मालाने, लादी लावा.

कोबा म्हणजे इथे एक भाग सिमेंट आणि चार भाग जाड वाळूचा साधारण 40 मिमीचा थर. तो खालच्या काँक्रीटशी एकजीव झाला पाहिजे. त्यासाठी काँक्रीट गुळगुळीत असेल तर टाचे मारून खडबडीत करायचं, सुटी धूळ झाडून-धुऊन काढायची, आदल्या दिवशी पाणी मारून ठेवायचं. कोबा घालायच्या आधी सिमेंटची खीर, म्हणजे पाण्यात कालवलेलं दाट सिमेंट, ब्रशने घासून लावायची आणि ती ओली असतानाच वर माल टाकायचा. खीर सुकली की ती चिकटवायचं सोडून दोन थरांमध्ये पापुद्रा होऊन बसते. एका वेळी चार-पाच फुटांचाच पट्टा खिरीने माखावा, हे मिस्त्रीला आधीच सांगून ठेवा.

लेव्हल आधी काढायची. पाण्याच्या नळीने किंवा लेझरने चारही भिंतींवर एकाच उंचीची रेघ मारा, आणि तिच्यावरून खाली मोजून ठिकठिकाणी मालाचे ठिय्ये द्या. मग दोन ठिय्यांवर ॲल्युमिनियमची लांब पट्टी टेकवून मधला माल ओढून घ्या. या वेळी सगळ्या खोल्यांचे दरवाजे, उंबरठे आणि बाथरूमची पातळी एकत्र बघा. कोब्यातली चूक पुढे लादीत झाकता येत नाही.

कोबा किती सपाट हवा? दहा फुटांची सरळ पट्टी कुठेही, कशीही ठेवली तरी तिच्याखाली एक सुतापेक्षा, म्हणजे 3 मिमीपेक्षा, जास्त फट दिसता कामा नये. लहान, म्हणजे फुटाच्या लादीला दोन सूत चालतात. मोठी लादी बाक घेत नाही, म्हणून तिला सपाटी जास्त लागते. 600 बाय 1,200 ची लादी निवडलेल्या घरात ही पट्टी फिरवण्याचं काम मी स्वतः करतो. जिथे खड्डा दिसेल तिथे खडूने गोल काढायचा, जिथे उंचवटा दिसेल तिथे फुली मारायची, आणि लादीची पेटी फुटण्याआधी ते दुरुस्त करून घ्यायचं. खड्डा ॲडहेसिव्हने भरू, असं मिस्त्री म्हणेल. ते मान्य करू नका. ॲडहेसिव्हचा थर एके ठिकाणी तीन आणि दुसरीकडे पंधरा मिमी झाला, तर जाड थर सुकताना जास्त आकसतो आणि लादीची कड खाली ओढतो.

एक हिशेब वजनाचाही आहे. दोन इंच जाडीचा वाळू-सिमेंटचा थर 100 चौरस फुटांना जवळपास एक टन भरतो. जुन्या इमारतीत नूतनीकरण करताना लेव्हल जुळवण्यासाठी तीन-चार इंच भर घालायची कल्पना निघाली, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा.

थांबायचं किती?

कोब्याला सात ते दहा दिवस पाणी, आणि मग सुकायला वेळ. घातल्यापासून 28 दिवस हा सर्वसाधारण नियम. या दिवसांत आकसण्यातला बराच भाग उरकतो आणि भेगा पडायच्या असतील तर त्या लादीआधीच दिसतात. केसाएवढ्या भेगा भरून घेता येतात. भेग रुंद असेल आणि तिच्या दोन बाजू वर-खाली झाल्या असतील, तर खाली काहीतरी खचलं आहे. ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये.

एवढे दिवस काम बंद कसं ठेवायचं, हा प्रश्न प्रत्येक घरमालक विचारतो. बंद ठेवायचं कारण नाही. खिडक्यांच्या चौकटी, फॉल्स सीलिंग, वायरिंग, रंगाचा पहिला हात, सगळं याच काळात होतं. उलट हे आधी उरकलं की नव्या लादीवर शिडी आणि रंगाचे डबे ठेवायची वेळ येत नाही.

कोबा सुकला का, हे बघायची घरगुती रीत आहे. दीड फूट चौरस प्लास्टिकचा जाडसर कागद कोब्यावर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आतून पाण्याचे थेंब दिसले किंवा खालचा कोबा काळवंडला, तर ओल अजून वर येते आहे. कोकणात पावसाळ्यात हे हमखास दिसतं. तळमजल्यावर ओल जमिनीतूनच येत असेल, तर महिना वाट बघूनही फरक पडत नाही. तिथे काँक्रीटखाली प्लास्टिकची जाड शीट आधीच घालायला हवी होती. ती नसेल तर कोब्यावर ओलप्रतिबंधक लेप द्यावा लागतो. लेप न देता तशीच लादी लावली, तर सांध्यांतून पांढरा खार वर येत राहतो.

आणखी एक तपासणी करा. कोबा हातोडीच्या दांड्याने ठोकून ऐका. भरीव ठण आवाज यायला हवा. एखाद्या जागी डब असा पोकळ आवाज आला, तर तेवढा तुकडा तोडून पुन्हा घाला. बोटाने खरवडल्यावर वाळू सुटत असेल तर तो पृष्ठभाग कच्चा आहे, त्यावर महागडं ॲडहेसिव्हसुद्धा धरणार नाही. ते धरेल फक्त सुट्या वाळूला.

मांडणी कोरडी करून बघा

एकही पिशवी फोडण्याआधी लाद्या कोरड्या मांडा. खोलीचा मध्य काढून दोरीने दोन रेघा मारायच्या आणि काटकोन 3-4-5 ने तपासायचा: एका रेघेवर 3 फूट, दुसरीवर 4 फूट, तर तिरकं अंतर बरोबर 5 फूट यायला हवं. भिंतींवर भरवसा ठेवू नका. आपल्याकडच्या खोल्या क्वचितच गुण्यात, म्हणजे अचूक काटकोनात, असतात.

समजा खोलीची रुंदी 3,150 मिमी आहे, लादी 600 ची, सांधा 2 मिमीचा आणि दोन्ही भिंतींलगत 6-6 मिमीची मोकळी फट. एका भिंतीपासून सुरुवात केली तर पाच पूर्ण लाद्या बसतात आणि दुसऱ्या भिंतीला जेमतेम 128 मिमीची, म्हणजे पाच इंचांची चिपळी उरते. ती कापताना तुटते आणि डोळ्यांना खुपते. त्याऐवजी मध्यावर चार पूर्ण लाद्या घेतल्या तर दोन्ही बाजूंना सुमारे 364 मिमीचे सारखे तुकडे येतात. लादी तेवढीच, खोली तीच, पण दारात उभं राहून बघितलं की फरक कळतो. एक समजून घ्या: बाजारातली ‘दोन बाय दोन’ ही लादी 600 मिमीची असते, पूर्ण दोन फुटांची नसते. फुटांत हिशेब केला तर लांब हॉलमध्ये गल्लत होते.

पेट्यांवरचा शेड नंबर, बॅच नंबर आणि साइज एकच आहे का ते माल उतरवून घेतानाच बघा. दोन वेगळ्या बॅचमध्ये अर्ध्या-एक मिमीचा फरक असू शकतो, आणि मग रेघ जुळता जुळत नाही. लावताना तीन-चार पेट्या एकदम फोडून लाद्या मिसळून घ्याव्यात. लांब लाद्या विटांसारख्या निम्म्या सरकवून लावायची हौस अनेकांना असते. लांब लादीला भट्टीत मधोमध किंचित फुगवटा आलेला असतो, त्यामुळे एकीची कड दुसरीच्या मध्याशी आली की तिथे ठेच लागते. सरकवायचीच असेल तर एक तृतीयांशाच्या आतच सरकवा.

लावणं

ॲडहेसिव्हच्या पिशवीवर आयएस 15477 आणि टाइप लिहिलेला असतो. टाइप 1 साध्या सिरॅमिकसाठी, व्हिट्रिफाइडला किमान टाइप 2. पाणी पिशवीवर लिहिलं आहे तेवढंच, मोजून. घमेल्यात अंदाजाने कालवण्याची सवय इथे मोडावी लागते. पाणी जास्त झालं की ताकद जाते आणि थर आकसतो. बादलीत पाणी आधी, पावडर नंतर, मशीनला लावलेल्या पात्याने ढवळायचं, पाच मिनिटं तसंच ठेवायचं आणि पुन्हा एकदा ढवळायचं. घट्ट व्हायला लागल्यावर वरून पाणी घालून सैल करणं सक्त बंद.

ॲडहेसिव्ह आधी थापीच्या सपाट कडेने कोब्यावर दाबून घासून घ्यायचं, मग दातेरी थापीने ओढायचं. मोठ्या लादीला 10–12 मिमीचे दाते लागतात. सगळ्या रेघा सरळ आणि एकाच दिशेने हव्यात. गोल गोल फिरवून नक्षी काढली की मधे हवा अडकते आणि तिला बाहेर पडायला वाट राहत नाही. लादीच्या पाठीवरची पांढरी भुकटी ओल्या फडक्याने पुसा, पाठीवरही एक पातळ हात फिरवा. मग लादी ठेवून रेघांच्या आडव्या दिशेने थोडी पुढे-मागे सरकवत दाबा. रेघा कोलमडून एकमेकींत मिसळतात आणि हवा निघून जाते. लादी भिजवायची गरज नाही. ती सवय जुन्या सिमेंटच्या मालाची.

ॲडहेसिव्ह ओढल्यावर साधारण वीस मिनिटं हातात असतात. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात, पंखा चालू असेल तर, त्याहूनही कमी. दुधावर साय धरते तसा वर पापुद्रा येतो, आणि मग लादी ठेवली तरी ती आतल्या ओल्या भागापर्यंत पोचत नाही. बोट लावून बघा. बोटाला लागलं तर ठीक, नाही लागलं तर खरवडून फेकून द्या.

आता मी जिथे हटून बसतो ती गोष्ट. काम सुरू झालं की दुसरी किंवा तिसरी लादी, ठेवल्यावर लगेच, उचलायला लावायची. थापी कडेखाली घालून ती उचलली जाते तेव्हा चुप्प असा ओढल्याचा आवाज येतो. हाच चांगला आवाज. उलटी करून बघा: पाठ सगळीकडे करड्या ॲडहेसिव्हने माखलेली हवी, कोपऱ्यांपर्यंत. नुसत्या रेघा उमटल्या असतील आणि मधे पांढरे पट्टे कोरे असतील, तर दाते लहान पडतात किंवा दाब कमी पडतो. कोरड्या खोल्यांत पाठीचा किमान 80 टक्के भाग आणि बाथरूम, ओटा, गच्ची अशा ओल्या जागी 95 टक्के भाग माखलेला पाहिजे. चार कोपरे आणि मधे एक असे पाच लाडू ठेवून लादी दाबणारे कारागीर अजूनही भेटतात. त्यांना तिथेच थांबवा. ही उचलून बघायची तपासणी दिवसातून दोन-तीनदा झाली तर कारागिराचा हात आपोआप नीट चालतो, आणि कुणी वाईट वाटूनही घेत नाही, कारण पुरावा समोर असतो.

सांधे आणि भिंतीलगतची फट

‘पेपर जॉइंट करून द्या’ ही मागणी इतकी सरसकट झाली आहे की सांधा ठेवणारा मिस्त्री आळशी समजला जातो. लाद्या कडेला कडा लावून बसवल्या की पहिले सहा महिने जमीन एकसंध, सुंदर दिसते हे खरं. पण वर हिशेब मांडला तो दीड मिमी तिथेच अडकतो. कडा घासून चौरस केलेल्या व्हिट्रिफाइडला किमान 2 मिमी, साध्या सिरॅमिकला 3 ते 5 मिमी सांधा ठेवा. सांध्याएवढं अंतर राखायला लाद्यांमध्ये ठेवायचे स्पेसर स्वस्त असतात आणि लेव्हल धरणाऱ्या क्लिपा वापरल्या तर ठेचही येत नाही. लादीच्या रंगाचं ग्राउट, म्हणजे सांधे भरायचा माल, भरलं की हा सांधा उभ्याने बघणाऱ्याला जाणवतही नाही.

भिंतीलगत दोन सुतांची फट सगळीकडे मोकळी सोडा. खांबाभोवती आणि दाराच्या चौकटीलाही. तिच्यात माल किंवा ग्राउट भरायचं नाही, नाहीतर तिचा उपयोगच संपला. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. हॉल फार लांब असेल तर दर 20–25 फुटांवर एक सांधा ग्राउटऐवजी लवचीक सीलंटने भरा. उन्हात तापणाऱ्या गच्चीवर हेच अंतर 8–12 फुटांवर आणा. खालच्या काँक्रीटमध्ये मुळातच सांधा असेल, तर तो लादीत बरोबर त्याच रेघेवर वर आणायचा. वरून झाकला तर लादी त्या जागी नेमकी तडकते.

ग्राउट ॲडहेसिव्हवर किमान 24 तासांनी. सिमेंटच्या मालावरच लादी लावली असेल तर खालचं पाणी बाहेर पडायला आणखी काही दिवस द्या. स्वयंपाकघरात आणि बाथरूममध्ये इपॉक्सी ग्राउट घेतलेलं बरं. हळद-तेलाचे डाग ते सहज धरत नाही. मात्र ते लादीवर सांडलेलं लगेच पुसावं लागतं, एकदा घट्ट झालं की निघत नाही.

बाथरूमबद्दल थोडक्यात. तिथे उतार लादीत काढायचा नसतो, तो कोब्यातच द्यायचा: दर फुटाला एक सूत, नहाणी ट्रॅपकडे. वॉटरप्रूफिंगचा लेप झाल्यावर ट्रॅप बंद करून 48 तास पाणी भरून ठेवा आणि खालच्या छताला ओल येते का बघा. ही चाचणी झाल्याशिवाय बाथरूमची पहिली लादी लागू देऊ नका. लादी हे वॉटरप्रूफिंग नव्हे.

लाकडी जमीन असेल तर

अमेरिका-कॅनडात घर घेतलेले नातेवाईक कधी कधी विचारतात, कारण तिथे बऱ्याच घरांत खाली काँक्रीट नसतं. लाकडी तुळयांवर प्लायवूड ठोकलेलं असतं. तिथे आकसण्यापेक्षा लवण्याची भीती मोठी. सिरॅमिक लादीसाठी तिथला नेहमीचा निकष असा की भार आल्यावर जमीन तुळईच्या लांबीच्या 360 व्या भागापेक्षा जास्त लवता कामा नये. 12 फूट लांब तुळईला ही मर्यादा साधारण 10 मिमी येते. नैसर्गिक दगडाला त्याच्या निम्मीच. शिवाय लाकूड दमट हवेत फुगतं, म्हणून प्लायवूडच्या दोन तक्त्यांमध्ये एक सुताची फट ठेवतात आणि लादी थेट प्लायवूडवर न लावता मधे सिमेंट बोर्ड किंवा दोन थरांना वेगवेगळं हलू देणारा पातळ पडदा घालतात. सिमेंट बोर्डाने जमीन ताठ होते असा गैरसमज तिथेही आहे. ताठपणा हवा तर तो तुळया आणि प्लायवूडच्या जाडीतूनच आणावा लागतो.

लावून झाल्यावर

पहिले 24 तास कुणीही पाय ठेवायचा नाही. कपाट, पलंग, फ्रिज असं जड सामान आठवड्यानंतर. मधल्या काळात इतर कामं चालू असतील तर लादीवर प्लास्टिक अंथरून वर पीओपीचा थर देतात, तो द्याच. सुताराच्या हातून पटाशी पडली तरी लादी वाचते.

ताबा घेण्याआधी लाकडी काठी घेऊन प्रत्येक लादीचे चार कोपरे आणि मधला भाग ठोकून ऐका. पोकळ वाजणाऱ्या लादीवर चिकटपट्टीची फुली मारा आणि शेवटचं बिल देण्याआधी ती बदलून घ्या. काम आटोपताना डाग काढायला ॲसिड ओतायची पद्धत आहे, ती ठामपणे नाकारा. ॲसिड सांध्यातलं सिमेंट खाऊन टाकतं आणि ग्राउट पहिल्याच महिन्यात भुरभुरायला लागतं. कोमट पाणी, साधा साबण आणि नायलॉनचा ब्रश पुरतो. सिमेंटचा हट्टी डाग उरला तर त्यासाठीच मिळणारं सौम्य द्रावण आधी कोपऱ्यात लावून बघा.

आणि दहा टक्के लाद्या जास्तीच्या घ्या. कापाकापीत जातील त्या जाऊन, उरलेली एक पेटी माळ्यावर ठेवा, बॅच नंबरचं लेबल न फाडता. मोरबीतली डिझाइनं दर वर्षा-दोन वर्षांनी बदलतात, आणि पुढे नळ दुरुस्तीसाठी एखादी लादी फोडावी लागली तर तोच शेड कुठल्याही दुकानात मिळेल याची खात्री नसते.